ग्रीक-रोमन जगावरची विद्यापीठीय व्याख्याने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘विद्यापीठीय व्याख्याने’ म्हणजे इथे नेमकी कोणती?

तीन प्रकारची. पहिला प्रकार म्हणजे वर्गात शिकवलेल्या अख्ख्या अभ्यासक्रमाचे चित्रीकरण. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाने डिसेंबर 2007 मध्ये ‘ओपन येल कोर्सेस’ हा उपक्रम सुरू केला. त्यात डॉनल्ड केगन यांचा प्राचीन ग्रीक इतिहासाचा आणि डायना क्लायनर यांचा रोमन स्थापत्याचा असे दोन अभ्यासक्रम पहिल्या तासापासून शेवटच्या तासापर्यंत मिळतात. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. दुसरा प्रकार शहरातल्या सर्वसामान्य लोकांसाठी दिलेल्या तासाभराच्या सुट्या व्याख्यानांचा. लंडनचे ग्रेशम कॉलेज त्यासाठीच ओळखले जाते. तिसरा प्रकार देणगीच्या व्याजावर चालणाऱ्या मानाच्या व्याख्यानमालांचा, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीची सेथर किंवा स्कॉटलंडची गिफर्ड. तिथे बोलावणे येणे हाच सन्मान असतो.

नव्या श्रोत्याने पहिल्या प्रकारापासून सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून खाली भरही त्यावरच आहे.

सुटी व्याख्याने छोटी असतात, मग आधी तीच का ऐकू नयेत?

ऐका, पण ती विसरली जातात. क्लिओपात्रा, ग्लॅडिएटर, डेल्फीचा कौल असे एकेक विषय तासाभरात रंगतात आणि आठवड्याने मनात दोन किस्से उरतात. अभ्यासक्रमात पाचव्या तासाला सांगितलेली गोष्ट सोळाव्या तासाला पुन्हा कामाला येते. अथेन्सची लोकशाही कशी चालत होती हे कळायचे असेल, तर त्याआधी तिथे हुकूमशहा कसे आले आणि कसे गेले, आरमारात वल्ही मारणारा गरीब नागरिक कसा वजनदार झाला, हे ठाऊक असावे लागते. ते क्रमानेच उलगडते.

केगन यांच्या अभ्यासक्रमात काय आहे?

2007 च्या शरद सत्रात चित्रित झालेले 24 तास. ब्राँझयुगाचा शेवट आणि त्यानंतरचे अंधारयुग इथून सुरुवात, मग पोलिस म्हणजे नगरराज्याचा उदय, ‘टायरंट’ शासक, स्पार्टा, अथेन्स, पर्शियाशी युद्धे, अथेन्सचे साम्राज्य, तिथली लोकशाही, अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातले पेलोपोनेशियन युद्ध (इ.स.पू. 431 ते 404) आणि अखेर नगरराज्यांची उतरण. दृश्यात फारसे काही घडत नाही. एक वयस्कर प्राध्यापक उभे राहून बोलतात, मधूनच खट्याळ टोमणा मारतात, एखाद्या विद्यार्थ्याला प्रश्न करतात. त्यामुळे लोकल किंवा एसटीच्या प्रवासात नुसता ध्वनी ऐकला तरी चालतो. केगन 2021 मध्ये वारले. पेलोपोनेशियन युद्धाचा त्यांनी लिहिलेला चार खंडांचा इतिहास 1969 ते 1987 या काळात प्रसिद्ध झाला. 18 ते 20 हे तास ऐकताना त्या कामाचा दम जाणवतो.

त्यांनी सांगितलेले सगळे प्रमाण मानायचे का?

मुळीच नाही, आणि त्यातच या व्याख्यानांची खरी गोडी आहे.

थ्यूसिडिडीज हा त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार, स्वतः अथेन्सचा सेनापती राहिलेला. त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध आहे: अथेन्सचे बळ वाढत गेले, स्पार्टाला त्याची धास्ती वाटली आणि युद्ध अटळ झाले. आजही अमेरिका आणि चीन यांच्याबद्दल लिहिणारे हे वाक्य हटकून काढतात. केगन यांचे आयुष्यभराचे म्हणणे असे की, युद्ध अटळ नव्हते. काही माणसांनी काही चुकीचे निर्णय घेतले म्हणून ते झाले. मजा अशी की, यासाठी लागणारा बहुतेक पुरावा ते थ्यूसिडिडीजच्याच ग्रंथातून काढतात. साक्षीदार तोच, निकाल मात्र वेगळा.

उदाहरण म्हणून इ.स.पू. 433 ची कॉर्सायराची (आजचे कॉर्फू बेट) भानगड घ्या. कॉर्सायरा आणि कॉरिंथ यांचे भांडण पेटलेले. कॉरिंथ स्पार्टाचा मित्र, तर कॉर्सायराकडे मोठे आरमार. ते आरमार कॉरिंथच्या हाती पडू देणे अथेन्सला परवडणारे नव्हते, आणि उघड उघड कॉर्सायराच्या बाजूने लढावे तर स्पार्टाशी झालेला तीस वर्षांचा तह मोडणार. अथेन्सने मधला मार्ग काढला. करार फक्त बचावापुरता केला आणि जहाजे पाठवली अवघी दहा. त्यांच्यावरच्या तीन सेनापतींपैकी एकाचे नाव होते लॅकिडेमोनियस, म्हणजे चक्क ‘स्पार्टावाला’. त्याच्या बापाला स्पार्टाचा एवढा लळा होता. दहा जहाजांनी लढाई जिंकता येत नाही, पण समोरच्याला इशारा देता येतो. केगन यांच्या मते अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याचा हिशेब तोच होता आणि तो फसला, कारण कॉरिंथने इशाऱ्याला भीक घातली नाही.

पुढे तहातल्या कलमानुसार वाद लवादाकडे नेण्याची तयारी अथेन्सने दाखवली आणि स्पार्टाने ती झिडकारली. कैक वर्षांनी स्पार्टाच्या लोकांनाच वाटू लागले की, सुरुवातीच्या पराभवांना आपली ही चूक कारणीभूत असावी. हेही थ्यूसिडिडीजनेच सातव्या पुस्तकात नोंदवले आहे. मग ‘अटळ’ कुठे राहिले?

आता केगन यांनाही तोच न्याय लावा. अमेरिकेने जगात लष्करी वर्चस्व राखावे, अशा मताचे ते होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. कमी फौज पाठवून धाक बसत नाही, हा धडा त्यांना कॉर्सायरात दिसतो तेव्हा ते फक्त इ.स.पू. पाचव्या शतकाबद्दल बोलत नसतात. प्राचीन लेखकांच्या सांगण्यावर शक्यतो विश्वास ठेवायचा, खोटे पाडायला सबळ कारण असेल तरच सोडायचा, या आपल्या पद्धतीला ते स्वतःच ‘उच्च कोटीचा भाबडेपणा’ म्हणतात. सगळ्या अभ्यासकांना ती पटत नाही. पण आपली भूमिका वर्गात उघड सांगून शिकवणारा शिक्षक, भूमिकाच नसल्याचा आव आणणाऱ्यापेक्षा श्रोत्याला जास्त उपयोगी पडतो.

शेवटपर्यंत ऐकले, सिकंदर आलाच नाही!

येणारही नाही. हा अभ्यासक्रम नगरराज्यांचा आहे. सिकंदराचा बाप, मॅसिडोनियाचा राजा फिलिप याने इ.स.पू. 338 मध्ये कायरोनियाला अथेन्स आणि थीब्जचा पराभव केला की कथा आवरायला येते. सिकंदर, पोरस आणि झेलमच्या ओढीने आलेल्यांची निराशा होते खरी, पण सिकंदर कशावर उभा राहिला ते इथेच कळते.

रोमसाठी काय ऐकावे?

क्लायनर यांचा ‘रोमन स्थापत्य’, 2009 च्या वसंत सत्रातला. ऐकावे म्हणण्यापेक्षा पाहावे, कारण हा अभ्यासक्रम चित्रांवर चालतो. केगन यांच्यासारखा प्रवासात उरकता येत नाही. युद्धे, सम्राट, सिनेटचे राजकारण यांचा क्रमवार इतिहास इथे नाही. आहे तो रस्ता, घर, स्नानगृह, थडगे, बाजार आणि मंदिर यांतून दिसणारा रोम. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरातल्या घरांवरचे आणि भिंतीचित्रांवरचे तास सगळ्यांत भरलेले. तिथे घरमालकाची ऐपत, त्याचा दिखाऊपणा, आणि सकाळी भेटीला येणाऱ्या आश्रितांना उंबऱ्यापासून आत काय काय दिसावे याची केलेली आखणी उलगडते. वाडा संस्कृती पाहिलेल्या माणसाला हे चटकन कळते. ऑस्टिया या बंदरातली बहुमजली भाड्याची घरे पाहताना गिरगावातल्या चाळी आठवल्या, तर तो दोष व्याख्यानाचा नाही.

काँक्रीट हा या अभ्यासक्रमाचा खरा नायक आहे. दगडाचे खांब आणि वर आडवी तुळई एवढ्यावर ग्रीक थांबले. रोमनांनी चुना आणि ज्वालामुखीची राख यांचे मिश्रण वापरून कमानी आणि घुमट उभे केले, आणि जागेला हवा तसा आकार देता येऊ लागला. रोममधल्या पँथिऑन या मंदिराचा सुमारे 43 मीटर व्यासाचा घुमट त्याचा कळस. आत लोखंडी सळई नसलेला तो घुमट जवळपास एकोणीसशे वर्षे उभा आहे.

ही रेकॉर्डिंग 2007-09 ची आहेत. जुनी झाली नाहीत का?

काही ठिकाणी झाली आहेत. कुठे, ते माहीत असले की बिघडत नाही.

क्लायनर यांच्याकडे पाँपेईच्या नाशाची तारीख 24 ऑगस्ट, इ.स. 79 अशी ठाम येते. तो उद्रेक पाहिलेल्या धाकट्या प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रांच्या हस्तलिखित परंपरेतून आलेली ही तारीख तेव्हा सगळीकडे तशीच छापली जात होती. शरद ऋतूतली फळे, शेगड्या यांवरून शंका मात्र जुनीच होती. 2018 मध्ये पाँपेईतल्या एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली नोंद सापडली आणि तिच्यातला दिवस निघाला 17 ऑक्टोबर. नोंदीत वर्ष नाही, त्यामुळे वाद पुरता मिटलेला नाही. पण कोळसा भिंतीवर फार काळ टिकत नाही असे धरून ती त्याच वर्षीची असावी असा अनेकांचा कयास आहे.

रोमन काँक्रीटच्या टिकाऊपणाबद्दल 2023 मध्ये नवा अभ्यास आला. मिश्रणात दिसणारे चुन्याचे पांढरे खडे हा निष्काळजीपणा नसून भाजका चुना आधी न विझवता थेट मिसळण्याच्या पद्धतीची ती खूण असावी, आणि पुढे भेगेत पाणी शिरले की तेच खडे भेग बुजवतात, असे त्यात दाखवले आहे.

केगन यांच्या बाबतीत जपायचे ते फॅलँक्सच्या तासाला. खांद्याला खांदा लावून, ढालीला ढाल भिडवून लढणारा शेतकरी-सैनिक, आणि त्याच्या बळावर उभे राहिलेले नगरराज्य, हे चित्र ते मोठ्या आत्मीयतेने रंगवतात. ही लढण्याची तऱ्हा इतक्या लवकर आणि इतक्या एकसारखी पसरली नसावी, असे म्हणणाऱ्या अभ्यासकांचा गट आज चांगलाच मोठा आहे.

ग्रेशम कॉलेज हे विद्यापीठ आहे का?

नाही. तिथे पदवी नाही, प्रवेश नाही, परीक्षा नाही. सर टॉमस ग्रेशम हा सोळाव्या शतकातला लंडनचा धनाढ्य व्यापारी. शहरातल्या व्यापाऱ्यांसाठी रॉयल एक्स्चेंज ही इमारत त्याने उभारली. त्या इमारतीतल्या दुकानांच्या भाड्यातून सात प्राध्यापकांना पगार द्यावा आणि त्यांनी लोकांसाठी फुकट व्याख्याने द्यावीत, असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले. 1597 मध्ये व्याख्याने सुरू झाली. विषय सात: खगोल, भूमिती, संगीत, धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक आणि वक्तृत्वशास्त्र. सुरुवातीला तेच व्याख्यान सकाळी लॅटिनमध्ये आणि दुपारी इंग्रजीत होई. 28 नोव्हेंबर 1660 रोजी तिथले खगोलाचे प्राध्यापक क्रिस्टोफर रेन यांचे व्याख्यान संपल्यावर काही मंडळी बोलत बसली आणि त्या बैठकीतून रॉयल सोसायटी ही शास्त्रज्ञांची संस्था जन्माला आली.

पुण्यात 1875 पासून चालत आलेली वसंत व्याख्यानमाला ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की, ग्रेशमच्या मागे दुकानांचे भाडे होते. ग्रीक साहित्य आणि समाज यांवरची एडिथ हॉल यांची व्याख्याने तिथल्या संग्रहात जरूर शोधा. त्या नाटकाच्या जाणकार आहेत आणि बोलतातही रंगून. थेट प्रक्षेपण ऐकायचे असेल तर घड्याळाचा हिशेब ठेवा: लंडनच्या संध्याकाळी सहाचे व्याख्यान भारतात उन्हाळ्यात रात्री साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला पडते.

सेथर आणि गिफर्ड व्याख्याने कुणासाठी?

ज्यांचा पाया झाला आहे त्यांच्यासाठी. सेथर व्याख्याने बर्कलीला 1914 च्या सुमारास सुरू झाली. नॉर्वेतून अमेरिकेत येऊन बँकर झालेल्या पेडर सेथर यांच्या पत्नी जेन यांची ही देणगी. ही व्याख्याने पुढे पुस्तकरूपाने येतात आणि कधीकधी अख्ख्या विषयाची दिशा फिरवतात. ई. आर. डॉड्स यांनी ग्रीक म्हणजे केवळ बुद्धिवादी या समजाला हादरा देत स्वप्ने, उन्माद, देव अंगात येणे यांवर मांडणी केली, ती इथेच. पुस्तक आले 1951 मध्ये. प्राचीन अर्थव्यवहाराला आजच्या बाजाराची मापे लावू नका, हे मोझेस फिन्ली यांचे 1973 चे पुस्तकही याच मालेतले, आणि त्यावरची भांडणे अजून मिटलेली नाहीत. मेरी बिअर्ड यांची रोमन लोकांच्या हसण्यावरची व्याख्याने 2008 ची.

त्याच बिअर्ड यांनी 2019 मध्ये एडिंबरोला गिफर्ड व्याख्याने दिली. प्राचीन जगाचा आजच्या आपल्याशी काय संबंध, असा विषय. तिसऱ्या प्रकारातले काही ऐकायचेच असेल तर यांपासून सुरू करा, कारण बिअर्ड सभागृहातल्या शेवटच्या रांगेसाठी बोलतात.

ग्रीक किंवा लॅटिन यायला हवे का?

नाही. इंग्रजी बऱ्यापैकी हवे. येलच्या प्रत्येक तासाचा शब्दशः मजकूर संकेतस्थळावर आहे. आधी तो चाळून मग ऐकले तर निम्मी अडचण जाते. ग्रीक नावे अमेरिकन उच्चारांत ऐकू येतात, तेव्हा पहिले दोन-तीन तास गोंधळ होणारच.

ऐकताना सोबत काय ठेवावे?

नकाशा आणि मूळ लेखक. दोन्ही नसतील तर ऐकणे वाऱ्यावर जाते. थ्यूसिडिडीजचा रिचर्ड क्रॉली यांनी 1874 मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. भाषा जुनी, पण घोटीव. केगन यांचा अठरावा तास ऐकण्याआधी त्यातले पहिले पुस्तक वाचा, म्हणजे ते कुठे मूळ सांगत आहेत आणि कुठे स्वतःचे घालत आहेत हे तुमचे तुम्हाला दिसेल. टफ्ट्स विद्यापीठाच्या ‘पर्सियस’ संग्रहात ग्रीक-लॅटिन मूळ आणि अनुवाद शेजारी शेजारी उघडता येतात. स्टॅनफर्डच्या ‘ऑर्बिस’ नकाशावर रोमन साम्राज्यातली दोन ठिकाणे आणि ऋतू निवडला की प्रवासाला लागणारे दिवस आणि खर्च यांचा अंदाज निघतो. जमिनीवरून धान्य नेणे किती महाग आणि समुद्रातून किती स्वस्त, हे एकदा तिथे पाहिले की रोमला इजिप्तचा गहू का लागत होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रमाणपत्र मिळते का? यूपीएससीला उपयोग होईल का?

येल आणि ग्रेशम यांच्याकडून मिळत नाही. कोर्सेरा आणि एडएक्स यांच्यावरच्या अभ्यासक्रमांना पैसे भरून मिळते. यूपीएससीच्या सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून धरला आहे, त्यामुळे अथेन्सवर थेट प्रश्न येणार नाही. तत्त्वज्ञान किंवा राज्यशास्त्र हा वैकल्पिक विषय असेल तर प्लेटो आणि ॲरिस्टॉटल आहेतच, आणि ते कुठल्या शहरात, कशाला वैतागून लिहीत होते, हे या तासांतून कळते. पण गुणांसाठी 24 तास घालवायचे असतील तर पाठ्यपुस्तक बरे.

या व्याख्यानांत भारत, त्यातही महाराष्ट्र येतो का?

या दोन अभ्यासक्रमांत जवळजवळ नाही, आणि ही त्यांची मोठी उणीव आहे. रोमचा व्यापार पूर्वेकडे कुठवर पोचला होता, याचा पुरावा तर आपल्या दाराशी पडलेला आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या पुस्तिकेत कल्याण, सोपारा, चौल, पैठण आणि तगर म्हणजे तेर यांचा उल्लेख आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तेर पूर्वेला दहा दिवसांवर, असा हिशेबही दिला आहे. कल्याणच्या बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, ही तक्रार वाचताना तर सातवाहन आणि क्षत्रप यांच्यातली चुरस डोळ्यांसमोर येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांब दान करणाऱ्यांमध्ये धेनुकाकट या ठिकाणचे ‘यवन’ आहेत (तेव्हा हा शब्द ग्रीकांसाठी आणि पश्चिमेकडच्या परक्यांसाठी वापरत). जुन्नरच्या लेण्यांतही यवनांचे दानलेख आहेत. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहता येते. उलट्या दिशेने गेलेली वस्तूही आहे: 1938 मध्ये पाँपेईत सापडलेली हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्या जवळच्या नात्यातल्या मूर्ती तेर आणि भोकरदनला मिळाल्या आहेत.

गेल्या काही वर्षांत चित्र बदलते आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात 2022 मध्ये बुद्धमूर्ती सापडली, तेव्हापासून हिंदी महासागराचा व्यापार हा विषय सार्वजनिक व्याख्यानांत जास्त दिसू लागला. क्लायनर यांचे पाँपेईचे तास पाहाल तेव्हा ती हस्तिदंती मूर्ती मनात ठेवा.

घरातल्या मुलांसोबत पाहता येईल का?

आठवी-नववीच्या पुढे, हो. रोमन स्थापत्यात काही भिंतीचित्रे आणि वेश्यागृहांचे उल्लेख येतात, ते आधी पाहून ठेवा. केगन मुलांना कंटाळवाणे वाटतील. स्पार्टाचे दोन तास मात्र बहुतेकांना आवडतात.

आम्ही यांचे मराठी भाषांतर करून लोकांना देऊ का?

येलच्या बहुतेक साहित्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा असा परवाना आहे की, मूळ कर्त्याचे नाव देऊन, पैसे न कमावता आणि तयार झालेली वस्तू त्याच अटींवर इतरांना खुली ठेवून भाषांतर करता येते. अपवाद इतरांच्या मालकीच्या चित्रांचा आणि नकाशांचा. क्लायनर यांच्या तासांत ते पदोपदी आहेत, म्हणून तिथे फक्त मजकूर घ्यावा. ग्रेशम आणि एडिंबरो यांचे नियम वेगळे, त्यांना आधी विचारावे लागेल. सुरुवात करायची असेल तर केगन यांचा आठवा आणि नववा, स्पार्टावरचे दोन तास घ्या. ते स्वतंत्रपणे समजतात आणि त्यांत ग्रीक पारिभाषिक शब्दांची गर्दी कमी आहे.